कितीक भरला जी?

स्पॅनिश शिकायला मी साठी उलटल्यावर बसले, आणि ती काही हौसेनं नव्हे. लेकीनं वालेन्सियाचा नवरा केला आणि व्याही निघाले धानवाले. वालेन्सिया शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या आसपास मैलोन्‌मैल धान पिकतं आणि तिथल्या सुएका गावाच्या शिवारात व्याह्यांच्या बांध्या आहेत. आमच्या बांध्या वैनगंगेच्या काठी, चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याच्या देवळापासून जवळच. दोन्ही घरं धानाची, तर फोनवर एकमेकांकडे बघून नुसतं हसत किती दिवस बसायचं? व्याही बोलायला लागले की धानाचंच बोलत. त्यातला 'आर्रोस' एवढा शब्द मला कळे. पुढचं सगळं वैनगंगेच्या पुरात वाहून गेल्यासारखं जाई.

मग मोबाइलवरचे धडे सुरू केले. मुलगा सफरचंद खातो, मुलगी दूध पिते, इथवर गाडी बरी चालली. अडली ती वजनमापांच्या धड्यावर. लेक म्हणाली, "आई, वजनाला पेसार, मापाला मेदीर, मोजायला कोन्तार. तू तर गणिताची मास्तरीण, तुला काय अवघड?"

अवघड हे, की मी मराठीत सगळंच मोजते. पैसे मोजते, कापड मोजते, नातवाची उंची मोजते, पेन्शनचे दिवस मोजते. काट्यावर पोती चढलेली असतात, तरी हमाल मला "मोजून घ्या बाई" असंच म्हणतो. स्पॅनिशमध्ये नाणी आणि दिवस 'कोन्तार'कडे जातात, कापड आणि उंची 'मेदीर'कडे, पोतं 'पेसार'कडे. म्हणजे तोंड उघडण्याआधी ठरवायचं: मी आकडा मोजतेय, लांबी मोजतेय की भार? वर्गात तीस-पस्तीस वर्षं 'दुकानदाराने धान्य मोजले' अशी उदाहरणं फळ्यावर लिहिली, पण त्या दुकानदारानं नेमकं काय केलं हे एकाही पोरानं विचारलं नाही. मलाही ते कधी सुचलं नाही.

त्यातून या तिघांचे स्वभाव वेगळे. 'पेसार' सरळमार्गी: पेसो, पेसास, पेसा. 'मेदीर' पोटातला स्वर बदलतं: मिदो, मिदेस, मिदे, आणि 'आम्ही' आलो की पुन्हा मेदिमोस. 'कोन्तार'चं कुएन्तो होतं, आणि त्याच क्रियापदाचा अर्थ गोष्ट सांगणं असाही आहे. म्हणजे 'कुएन्तो' म्हटलं की मी मोजतेय की गोष्ट सांगतेय, हे पुढच्या शब्दाची वाट बघून ठरवायचं.

सगळ्यात गोंधळात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मी पोतं 'पेसो' करते, हे ठीक. पण पोतंसुद्धा 'पेसा' करतं! 'एल साको पेसा क्वारेन्ता किलोस.' पोत्यानं कुणाचं वजन केलं म्हणायचं? मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. उत्तर मिळालं ते खरेदी केंद्रावर. तिथे कुणी "पोत्याचं वजन किती आहे" असं विचारत नाही. विचारतात, "कितीक भरला जी?" आणि हमाल सांगतो, "चाळीस भरला." पोतं भरतं. दवाखान्यात नर्सही म्हणते, बाळ अडीच किलो भरलं. आपलं 'भरणं' आणि त्यांचं 'पेसा' एका जागी येऊन बसलं आणि ते प्रश्नचिन्ह मी खोडलं. उंचीची मात्र अशी सोय लागली नाही. तिकडे माणूस 'मिदो उनो सिन्कुएन्ता इ ओचो' म्हणतो. शब्दशः पाहिलं तर मी एक मीटर अठ्ठावन्न मापते. ते म्हणताना अजूनही मला आपल्या हातात टेप आहेसं वाटतं.

डिसेंबरात व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे आले. लेक आणि जावईबापू मागाहून यायचे होते, तोवर दुभाषी मीच. शेतात पुंजणे उभे होते, मळणी चालू होती. व्याही तासभर मळणीयंत्राभोवती फिरले. मग त्यांनी शेत किती असं विचारलं. मी एकर सांगितले. त्यांना एकर कळेना. त्यांच्याकडे अजूनही शेतकरी हेक्टर सोडून 'आनेगादा'त बोलतात. एक आनेगादा म्हणजे 831 चौरस मीटर, आमच्या एकरात जवळजवळ पाच बसतात. ते नाव 'फानेगा' या धान्याच्या मापावरून आलं आहे, म्हणजे एक फानेगा बी जेवढ्या जमिनीत पडेल तेवढी जमीन. माझे सासरेही बांधीचा आकार असाच सांगत, त्यात बी किती पडतं यावरून. हे व्याह्यांना सांगायला मात्र मला क्रियापद सापडेना. जमीन मापायची 'मेदीर'नं, पण मापायचं साधन धान्य, आणि तेही वजनानं नाही तर मापानं. शेवटी मी मूठ भरून धान घेतलं आणि पेरल्यासारखं केलं. ते समजले.

तेवढ्यावरून पायलीचा विषय निघाला. सासऱ्यांची लोखंडी पट्ट्या मारलेली पायली माळ्यावर होती, ती काढली. व्याह्यांनी ती दोन्ही हातांत फिरवून पाहिली, काठावरून बोट फिरवलं आणि "बार्चिया!" म्हणाले. त्यांच्या आजोबांच्या घरी होतं ते लाकडी माप, साधारण पावणेसतरा लिटरचं, आमच्या पायलीहून कितीतरी मोठं. मग त्यांनी तळहात आडवा धरून पायलीच्या तोंडावरून सरळ ओढला आणि प्रश्नार्थक बघितलं. त्यांना विचारायचं होतं, तुमच्याकडे माप सपाट करायची काठी कुठे आहे? त्यांच्याकडे तिला 'रासेरो' म्हणतात.

आमच्याकडे काठी नव्हती. आमच्याकडे शीग होती.

आमच्या म्हाताऱ्या सालगड्याला मी माप घालून दाखवायला सांगितलं. तो राशीपुढे उकिडवा बसला. पायली राशीत खुपसून वर काढली, जमिनीवर हलकेच आपटली, धान खाली बसलं. मग दोन्ही ओंजळींनी वर घालत गेला, कडेनं ओघळणारे दाणे तळव्यांनी आत लोटत गेला, तोवर पायलीच्या तोंडावर टोकदार डोंगर उभा राहिला. ती पायली पोत्यात पालथी घालताना तो म्हणाला, "लाभ." दुसरीला "दोन", तिसरीला "तीन". व्याह्यांनी लगेच विचारलं, पहिल्याला 'उनो' का नाही म्हटलं? रास मोजताना सुरुवात लाभानं करायची असते, हे माझ्या तुटपुंज्या स्पॅनिशमध्ये कसंबसं पोचवलं. मग मनात आलं, यानं आत्ता केलं ते मेदीर की कोन्तार? पायली भरली ते मेदीर, "लाभ, दोन, तीन" म्हटलं ते कोन्तार. दोन्ही एका दमात.

मास्तरकीची खोड जात नाही. मी शिगेचं धान वेगळं काढून घरच्या काट्यावर ठेवलं. पाव किलोच्या थोडं वर भरलं. आता पुस्तकातलं कोष्टक घ्या: दोन अधोल्यांची पायली, 12 पायल्यांचा मण, 20 मणांची खंडी. गावागणिक खंडी वेगळी असे, ते सोडून द्या. या कोष्टकानं खंडीच्या 240 पायल्या होतात. पायलीमागे पाव किलो शीग धरली, तर खंडीमागे साठ किलो धान नुसतं मापाच्या तोंडावर उभं. जुने सावकार घेताना शिगोशीग घेत आणि देताना हात फिरवून सपाट देत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या हात फिरवण्याची किंमत साठ किलो असेल हे कधी हिशेबात धरलं नव्हतं. व्याही म्हणाले, तिकडे 'सगळ्यांना एकाच रासेरोनं मापावं' असं म्हणतात. म्हणजे सावकार तिकडेही होते.

आता कागदोपत्री सगळं किलोत आहे. स्पेनमध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा 1849 साली आला. आपल्याकडे 1956 साली कायदा झाला आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं आले. तरी पायली माळ्यावर राहिलीच आणि वालेन्सियात संत्र्यांचा भाव अजून 'आर्रोबा'त बोलला जातो. तिकडचा आर्रोबा पावणेतेरा किलोंचा. ई-मेलच्या पत्त्यात मधोमध येणाऱ्या गोल चिन्हालाही स्पॅनिशमध्ये आर्रोबाच म्हणतात. म्हणजे माझी लेक रोज ऑफिसात बसून संत्र्यांचं माप टाइप करते.

दुसऱ्या दिवशी धान घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. व्याह्यांना ट्रॅक्टरवर बसायचंच होतं. तिकडे त्यांची ट्रॉली सरळ सहकारी संस्थेच्या 'बास्कुला'वर चढते, म्हणजे आपल्या धरमकाट्यावर, आणि पुढचं सगळं यंत्र करतं. इथे कट्टे भरून, एकेक उचलून काट्यावर ठेवतात, हे त्यांना नवं होतं. आधी एकानं धानात नळी खुपसून नमुना काढला आणि ओलावा बघायच्या यंत्रात घातला. सरकारी खरेदीत ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो, त्यावर गेला की धान परत वाळवायला न्या. मग कट्टा काट्यावर, बारदान्याचं वजन वजा. मग शेवटी कट्टे किती झाले ते वहीत. मी शेजारी उभी राहून व्याह्यांना सांगत होते, आणि सांगता सांगता लक्षात आलं की तिन्ही क्रियापदं माझ्यापुढे ओळीनं उभी आहेत. ओलावा 'मिदेन', कट्टा 'पेसान', कट्टे 'कुएन्तान'. ज्यानं त्यानं आपापलं काम वाटून घेतलेलं. त्या दिवसानंतर धड्यातला तो भाग मला पुन्हा वाचावा लागला नाही.

तिथेच दुसरा घोटाळा झाला, तो उलट्या बाजूचा. भाव फलकावर होता: 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. व्याह्यांनी विचारलं, शंभर किलो 'आर्रोस'चे एवढेच? आता त्यांचा आर्रोस म्हणजे उभं पीकही, धानही, तांदूळही आणि ताटातला भातही. मोजण्याला त्यांच्याकडे तीन क्रियापदं आणि धान्याला एकच नाव! मी सांगितलं, हे टरफलासकट. सरकारी हिशेबानं शंभर किलो धान भरडून 67 किलो तांदूळ घ्यायचा असतो. मग त्यांनी 'आर्रोस कास्कारा' असा जोडशब्द वापरला आणि मान डोलावली. भाव ऐकून मात्र काही बोलले नाहीत. त्यांचेही भाव फार सुखाचे नसावेत.

मी त्यांना एचएमटीचीही गोष्ट सांगितली, कारण घरी खाल्लेला तो बारीक तांदूळ त्यांना फार आवडला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वेगळं ठेवलं, वर्षामागून वर्ष लावून पाहिलं आणि 1980 च्या दशकात हे वाण तयार केलं. नाव दिलं घड्याळाचं. 2018 साली ते गेले. हमीभावाच्या काट्यावर बारीक आणि ठोकळ धानाच्या भावात फरक असतो तो जेमतेम पंचवीस रुपयांच्या आत, तोही प्रतवारीचा. दादाजींनी जे केलं त्याला कुठलं क्रियापद? व्याही म्हणाले, 'आ ओखो'. नजरेनं. त्यांच्याकडे पूर्ण म्हण आहे, चांगल्या पिंपकाराच्या नजरेनं. पिंप बनवणारा डोळ्यांनीच सांगायचा यात किती मावेल ते. तिथे मेदीर, पेसार, दोन्हींना सुट्टी.

त्या रात्री जेवताना व्याही आपल्या बांध्यांबद्दल बोलत होते. जावईबापू संगणकवाले, धाकटी मुलगी शहरात. शेत पुढे कोण करणार? "मे पेसा," ते म्हणाले. मी मनात भाषांतर केलं: मला वजन करतं? पोतं भरतं तसं काही? विहीणबाईंनी छातीवर हात ठेवून दाखवलं. तेव्हा कळलं, हे काट्यावरचं पेसार नव्हे. जड जातं, असं ते म्हणत होते. यजमान म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडेही तेच चाललंय." मी सांगितलं. त्यासाठी नवीन क्रियापद लागलं नाही.

देवळाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे माझी फारशी परीक्षा झाली नाही. वैनगंगा मार्कंड्याला वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून हे क्षेत्र. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात नदीकाठ मोकळा होता. व्याही जे दिसेल त्याला "क्वान्तो मिदे?" विचारत सुटले: खांब, शिखर, नदीचं पात्र. मूर्तींची गर्दी बघून मात्र गप्प झाले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या मध्य प्रांतातल्या दौऱ्यात इथे आला होता आणि त्याच्या अहवालांच्या नवव्या खंडात या देवळांचं वर्णन आहे, तेही फूट आणि इंचांत. शिखरावर कधीकाळी वीज पडली होती, हे सांगायला मला 'वीज' हा शब्दच येत नव्हता. हातानं आभाळातून खाली रेघ ओढली आणि "बूम" म्हटलं.

परतताना रस्त्याकडेला तेंदूची झाडं लागली. मी म्हटलं, मे महिन्यात याची पानं तोडतात. व्याह्यांनी विचारलं, किलोचा भाव काय? किलो नाही. मापही नाही. मोजून. सत्तर पानांचा एक पुडा, आणि अशा एक हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडे आणून द्यायचे आणि शेकड्याच्या भावानं पैसे घ्यायचे. "ओखा पोर ओखा?" पानागणिक? हो, पानागणिक. घरची बायामाणसं, पोरंसोरं रात्री कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात बसून पानं लावतात. ते हसले आणि म्हणाले, वजन का नाही करत, सोपं नाही का? मी थोडा विचार केला. ओलं पान आज जड, उन्हात उलटाई-पलटाई झाली की उद्या हलकं. काटा कुणाच्या बाजूनं झुकेल ते उन्हावर ठरायचं. आणि विडी वळणाऱ्याला पान लागतं, किलो लागत नाही. आता आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा वनहक्क कायद्यानंतर तेंदूचा लिलाव स्वतःच करतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर ही वाट अनेक गावांनी धरली. त्या हिशेबाच्या वह्यांतही आकडे पुड्यांचेच. 'कुएन्तान लास ओखास,' मी म्हटलं, आणि यावेळी गोष्ट सांगणं की मोजणं असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

जायच्या आदल्या दिवशी बॅगा भरल्या. विमानात माणशी तेवीस किलो. विहीणबाईंनी एचएमटीची पिशवी घातली, शेवया घातल्या, मातीची बैलजोडी कपड्यांत गुंडाळून घातली. व्याह्यांना पायली हवी होती. यजमानांनी बॅग धानाच्या काट्यावर ठेवली, आणि व्याह्यांनी माझ्याकडे न बघता थेट त्यांनाच विचारलं, "कितीक भरला जी?" बॅग भरली पंचवीस किलो सातशे. 'भरली' म्हणायला हवं होतं, पण व्याकरण कोण काढतंय तेव्हा?

मग एकेक वस्तू बाहेर काढायला लागलो. विहीणबाई प्रत्येक वस्तू तळहातावर घेऊन, जरा वर-खाली करून बाजूला ठेवत होत्या. काट्याकडे बघतही नव्हत्या. यालाही क्रियापद आहे, असं व्याह्यांनी सांगितलं: सोपेसार. आपण म्हणतो ना, हातानंच जोखून बघितलं, तसं. मी ते वहीत लिहून घेतलं, चौथं. पायली गेली नाही, ती फार जड. तांदळाची पिशवी विहीणबाईंनी सोडली नाही. त्यांनी स्वतःचे बूट काढून ठेवले आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी नेईन.